पेचकस आणि गिटार
लाकडाच्या ओल्या भुशाचा वास आला की मला वर्ध्याची ओंडके कापायची आरामशीन आठवते. पन्नासच्या दशकात आमचे हे तिथलं इंजिन सांभाळायचे. ते अडखळलं की पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायचे आणि बिघाड नेमका सांगायचे. बदली झालेल्या रेल्वे गार्डाकडून त्यांनी मला जुनी गिटार स्वस्तात आणून दिली होती. तिची एक तार सायकलच्या ब्रेकची होती. सूर काही लागेना, म्हणून एकदा मी रडकुंडीला येऊन ती बाजूला ठेवली. त्यांनी ती पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली, पेचकस तिच्या लाकडाला टेकवला आणि कान लावला. “वाजव.” मी एकेक तार छेडली. “तुह्या हातात खोट नाई, तिसरी तार ढिली हाय.” त्याच इंजिनापायी आता त्यांचे कान गेलेत. तरी मी गिटार काढली की ते पेचकस शोधायला उठतात.