उतारावरचं भांडण

फोन आला तेव्हा मी निपाणीच्या घरी पिशवी भरत होते. दर रविवारसारखं आक्काकडे जायचं होतं. तिच्यासाठी चहापूड, गुडघ्याचं तेल, विजेरी... दाजी एवढंच म्हणाले, "आक्का गेली गं, शालू." मी तेल बाहेर काढून ठेवलं आणि निघाले.

थोरल्या बहिणीचं हे सासर खानापूरच्या जंगलात, डोंगरमाथ्यावर. गाडीरस्ता झाल्यापासून ओढ्याकडे उतरणारी पाऊलवाट जवळपास बंद पडली. मला एसटीला सोडायला आक्का आणि दाजी मात्र तिथूनच उतरायचे. वाटेवर अस्वलं. माणसाचा मोठा आवाज आला की ती बाजूला होतात, म्हणून या घरात आठवड्याची भांडणं उतारासाठी राखून ठेवत. घरात कुणी आवाज चढवला की आक्का म्हणायची, "आता नको, उतरताना बघू." मग वाटभर आरडाओरडा, आणि ओढ्याला पाय लागला की भांडण संपलं.

एकदा दाजींनी पाहुण्यांसमोर तिनं वाढलेलं ताट भिरकावलं. ती भांडली नाही. अबोलाच धरला. आम्ही तिघं मुकाट उतरत होतो. करवंदीच्या जाळीतून अस्वल थेट दाजींच्या अंगावर आलं. नखांनी कपाळापासून गालापर्यंत कातडं सोललं, कान लोंबायला लागला. आक्कानं त्यांच्या कमरेचा कोयता उपसला आणि अस्वलाच्या नाकाडावर घाव घातला, मग दुसरा, मग मोजायचं भान कुणाला... प्रत्येक घावाला ओरडत होती, "ताट फेकतोस व्हय रं? फेक आता!" नवऱ्याला तिनं आयुष्यात एकदाच एकेरीत हाक मारली. अस्वल रक्त गाळत पळालं. पदर फाडून तिनं कान बांधला आणि ओढ्यापर्यंत दाजींना शिव्या घालतच नेलं.

दिवसकार्य उरकल्यावर मी जीप ठरवली होती. दाजी म्हणाले, "वाटेनंच सोडतो." पुढे झाले. कमरेला तोच कोयता. तोंडातून शब्द नाही. करवंदीपाशी फांदी मोडल्याचा आवाज आला.

"दाजी, बोला कायतरी."

ते नुसते उभे राहिले, जाळीकडे तोंड करून. अस्वल यावं असंच त्यांना वाटत होतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. मग मी ओरडले, "छातीत दुखतंय म्हणाली, त्याच दिवशी दवाखान्यात का न्हाय नेलं?"

ते वळले. गालावरचा वण लाल झाला होता. कोयता दगडावर असा हाणला की ठिणगी उडाली. "ऐकती व्हय ती? भाकऱ्या हुदेत म्हणाली! तू हुतीस काय हितं?"

"फोन करायचा हुता मला!"

"करू देत न्हवती! तुला घोर नको म्हणं!"

घसा फाटेपर्यंत आम्ही भांडलो, रडलो, दगडांवरून घसरलो. मागं जाळी हलली आणि ते हलणं डोंगराकडे दूर जात थांबलं. दाजींचा एक पाय ओढ्यात पडला तसे ते वाक्याच्या मध्येच गप्प झाले. वाकून तोंड धुतलं.

"ऱ्हायलेलं पुढच्या रविवारी," म्हणाले. "उतरताना बघू."