गल्लीतली बाई

"बाकड्यावर नको गं, खाली बसव तिला," मॅडम म्हणाल्या. "गव्हाच्या पोत्यापायी देव बदलणारी माणसं ही. गळ्यात बघ काय घातलंय."

खाली बसवायची ती बाई माझी माय होती.

उदगीरला एका खासगी दवाखान्यात मी नर्स होते. मॅडम म्हणजे डॉक्टरांची बायको, काउंटर त्याच सांभाळायच्या. माय जळकोटकडच्या आमच्या गावाहून जीपनं आली होती, एकटीच. सोयाबीन काढताना डाव्या पंजात विळा घुसला होता. वर फडकं गुंडाळलेलं, रक्तानं चिकट झालेलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात बारका स्टीलचा क्रूस. लेक नर्स आहे तर दुसऱ्या दवाखान्यात कशाला जायचं, असं तिला वाटलं असणार.

मॅडमनी मला विचारलं, "तुझ्याकडंच बघून राहिली ती. ओळखीची आहे का?"

मी म्हणाले, "न्हाई. म्हंजी, आमच्या गल्लीतली बाई हाय."

मग त्यांनी मायला विचारलं, "काय गं, हिची कोण तू?"

मायनं माझ्याकडं बघितलं. एकदाच.

"कुणी न्हाई बाईसाब. गल्लीतलीच हाय."

आणि ती फरशीवर बसली.

डॉक्टर टाके घालत होते, तिचा पंजा मी धरून होते. भूल नीट चढली नव्हती. माय कळवळली आणि म्हणाली, "सिस्टर, लई झोंबतंय."

सिस्टर. पोटच्या पोरीला.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. ट्रे उचलला आणि आत गेले.

मला कामावर घेताना मॅडमनी आडनाव विचारलं होतं. आडनावावरून जात कळंना. मग म्हणाल्या, "घरी देवधर्म करता ना?" मी हाव म्हणाले. तेवढ्यानं भागलं नाही. रोज एसटीतून उतरलं की टिकली लावायची, घरी जाताना काढून टाकायची. रविवारी चर्चमध्ये हात जोडून गाणी म्हणायची आणि सोमवारी दवाखान्यातल्या देवाच्या फोटोला उदबत्ती लावायची. मॅडम म्हणायच्या, "आमची पोरगी लई संस्कारी." मला ते गोड वाटायचं. खोटं कशाला सांगू? लई गोड वाटायचं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी भाकरी केल्या. माय जेवली नाही.

"रागावलीस का?"

ती म्हणाली, "तू मला वळखली न्हाईस, त्याचं काय न्हाई. पोटासाठी माणूस काय बी करतंय. पर मी खोटं बोलले. तुझ्यापायी बोलले. आजवर खोटं न्हाई बोलले मी त्याच्याबद्दल."

त्याच्याबद्दल म्हणजे येशूबद्दल. माझी माय नाही म्हणणं म्हणजे आम्ही येशूचे हे लपवणं, असं तिला वाटत होतं.

मी पाच वर्षांची असताना माझा बाप मेला. आमचं घर मांगवाड्यात. लातूरहून एक म्हातारी बाई यायची, बायबल वाचून दाखवायची. पहिल्या दिवशी ती आमच्या शेणानं सारवलेल्या भुईवर बसली आणि म्हणाली, "पाणी दे गं बाई, नरडं सुकलं." माय तांब्या घेऊन उभीच राहिली. वाड्याबाहेरच्या कुणी आमच्या घरचं पाणी मागितलंच नव्हतं कधी. म्हातारी तांब्याभर पाणी प्याली. मायनं देव बदलला तो तिथं. गव्हाचा दाणा आला नाही घरात. उलट गावानं खुरपणीला बोलवणं बंद केलं, आमच्याच भावकीनं लग्नाचं आवतण देणं सोडलं. माय लपवू शकली असती. विचारील त्याला म्हणायची, "हाव, मी येशूची हाय." एवढंच.

अशा बाईच्या तोंडून मी खोटं वदवलं.

दुसऱ्या दिवशी मी टिकली न लावता दवाखान्यात गेले. मॅडम काउंटरवर, डॉक्टर शेजारी पेपर वाचत. मी म्हणाले, "सर, काल टाके घातले ती माझी आई हाय. आम्ही ख्रिस्ती हाव. मांगाचे हाव."

मॅडमचा हात आधी पाण्याच्या जारकडं गेला. मी रोज ज्यातून पाणी घ्यायचे, तो जार त्यांनी पुसला. माझ्यासमोर.

"खोटं बोलून कामाला लागलीस," त्या म्हणाल्या. "आम्हाला फसवलंस."

"हाव, फसवलं. तेच सांगायला आले."

डॉक्टर समजुतीनं बोलले. त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. "हे बघ, काम चांगलं आहे तुझं. टिकली लाव, विषय संपला. आईला मात्र दुसरीकडं दाखव."

"सर, टाके काढायला ती इथंच येणार. आणि बाकड्यावर बसणार."

ते मॅडमकडं बघून हसले. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

रविवारी मी हे पास्टरांना सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "बाई, गप राहायला काय झालं होतं? देव मन बघतो." त्यांच्या स्वतःच्या पोराच्या जातीच्या दाखल्यावर सवलतीसाठी हिंदू लिहिलंय, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. कुणी बोलत नाही. त्या दिवशी मी पण बोलले नाही. आता लिहून ठेवते.

मायचे टाके मीच काढले, घराच्या उंबऱ्यात. तिची बोटं अजून पुरती मिटत नाहीत. मला माफ केलंस का, असं मी तिला विचारलेलं नाही. काय उत्तर येईल याची भीती वाटते.

नंतर लातूरला दोन दवाखान्यांत गेले. बसायच्या आधीच सांगितलं, मी कोण. एकीकडं म्हणाले, कळवतो. कळवलं नाही. दुसरीकडं म्हणाले, असलं सांगायची काय गरज होती. सध्या मायच्या जागी मी सोयाबीन काढायला जाते. ज्यांच्या रानात जाते ते आम्हाला पाणी वरून ओततात. मी ओंजळ धरत नाही. घरून बाटली नेते आणि का नेते तेही सांगते.

पुढच्या आठवड्यात नांदेडला एका ठिकाणी बोलावलंय. तिथंही आधी हेच बोलणार. दार लावलं तर लावू दे, चौथं बघेन, पाचवं बघेन. पण माझ्या भाकरीसाठी माझी माय पुन्हा कुणापुढं "कुणी न्हाई" म्हणणार नाही. आणि मी तर नाहीच.