देवबागचा माणूस बुडाला कसा

"बुडालाच ना तो? मग बुडाला असं लिही," कर्नलसाहेब म्हणाले.

युद्धविराम झाला होता. मी डिव्हिजनच्या मुख्यालयात स्टाफ कॅप्टन होतो आणि आमच्या जनरलसाहेबांचं सायटेशन लिहीत होतो. पदकाची शिफारस करताना कामगिरीचा जो मजकूर सरकारला पाठवतात, तो म्हणजे सायटेशन. जनरलना पदक, डिव्हिजनला शाबासकी, हे वर ठरलेलंच होतं. मजकूर तेवढा बसवायचा होता.

अडचण एका जवानाची होती. देवबागच्या मासेमाराचा मुलगा. जनरलनी हल्ल्याची वेळ अलीकडे ओढली, त्यामुळे आमच्या तोफा सुरू व्हायच्या आधीच तो दोर घेऊन नदीत उतरला. पलीकडून गोळीबार चालू होता. गोळी लागल्यावरही त्याने दोर झाडाला बांधला आणि मग वाहून गेला. तोच दोर धरून कंपनी पार झाली. हे त्याच्या कंपनी कमांडरने मला समोर बसून सांगितलं होतं.

गोळीबाराचा उल्लेख केला असता, तर तोफांविना माणूस का पाठवला, हा प्रश्न आलाच असता. मी लिहिलं: नदी ओलांडताना बुडून मृत्यू. म्हणजे अपघात, अपघाताला शौर्यपदक नसतं. घरी तेच कळवलं गेलं. जनरलना पदक मिळालं, मला बढती.

निवृत्तीनंतर तारकर्लीला घर बांधलं. देवबाग शेजारीच, पण कधी गेलो नाही. यंदा जनरल आणि डिव्हिजनच्या सरकारी गौरव सोहळ्याचं बोलावणं आलं. तिकडे न जाता मी देवबाग गाठलं. जवानाची बहीण अंगणात सुकट राखत बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"खाडीत वाडललो माझो भाव," ती म्हणाली. "तो बुडलो म्हटल्यार लोकांनी काय समजाचा? दारू पिवन उतारलो म्हणत. आवस तांच आयकत गेली." आवस म्हणजे आई.

मी सरकारला लिहितो म्हटलं.

"सरकाराचा तुमी बघा. देवळात गाऱ्हाण्याक येवन सांगा."

गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने घातलेलं मागणं. जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मी उभा राहून सांगितलं. कुणी साथ दिली नाही. एक म्हातारा, "आमी तेका बेवडो म्हणत होतो," एवढं बोलून खाली बसला.

दिल्लीहून उत्तर आलं: युद्धकाळातील शिफारशींची मुदत संपली आहे.

हाताखालच्यांना मी नेहमी बजावायचो की कागदावर खोटं लिहू नका. मी स्वतः कधी लिहिलं नाही; तो बुडाला, हेही खरंच होतं. तेवढ्याने भागत नाही, हे मात्र त्यांना सांगायला हवं होतं.