‘पाखाडी’चा दुसरा अंक

शाळेचं वर्तमानपत्र काढायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं तेव्हा मी ते सोयीनं विसरले होते.

रत्नागिरीपासून आत, डोंगराच्या कुशीतल्या एका हायस्कूलात मी नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. आठवी, नववी, दहावी असे तीन वर्ग, मिळून साठेक मुलं. माझे वडील जयगडला मच्छीमार बोटीवर खलाशी. आईची सही म्हणजे अंगठा. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. बी.ए.चं सर्टिफिकेट वडिलांनी फ्रेम करून देवांच्या तसबिरींच्या ओळीत लावलं होतं आणि आई सकाळी हळदकुंकू वाहताना एक बोट त्यालाही लावायची. अशा घरातून आलेल्या माणसाच्या डोक्यात थोडी हवा जातेच. माझ्या जरा जास्त गेली होती.

गावच्या मुंबई मंडळानं शाळेला झेरॉक्सचं मशीन दिलं होतं. त्याच्या अंगावर लाल रंगात ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं. दाखले आणि चाचणीचे पेपर सोडले तर ते कापड पांघरून बसलेलं असायचं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, “सर, महिन्याला चार पानांचा पेपर काढू. मुलंच लिहितील.”

“काढा की,” सर म्हणाले. “मशीन चालू आहे हे मंडळालाही कळेल.”

नाव ठरवताना मुलांनी ‘ज्ञानदीप’, ‘प्रेरणा’ असली नावं सुचवली. मग आठवीतली एक मुलगी, तिसऱ्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी, म्हणाली, “पाखाडी.” सगळे हसले. वाडीतून शाळेकडे उतरणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची ती वाट. “तिच्यावरनंच तर येतो ना रोज,” ती म्हणाली. मी फळ्यावर तेच नाव लिहिलं.

पहिल्या अंकात स्वातंत्र्यदिन उत्साहात साजरा झाला होता, शिक्षकदिन उत्साहात साजरा झाला होता आणि वृक्षारोपणही उत्साहातच झालं होतं. दोन दिवसांनी एका मुलाच्या डब्याची पोळी त्या अंकात गुंडाळलेली दिसली. आमचे शिपाई अंक हातात धरून मला म्हणाले, “बाई, सगळं उत्साहातच झालं की ओ. कुणी पडलं बिडलं नाय काय?”

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गावर चांगलं पंधरा मिनिटं बोलले. वर्तमानपत्र म्हणजे काय, खरं लिहायला धाडस कसं लागतं, वगैरे. कॉलेजात ऐकलेलं सगळं. मग निबंधाला विषय दिला, ‘आमच्या घरची सकाळ’. आणि बजावलं, “खरं लिहा. सजवू नका. वही फक्त मी वाचणार आहे.”

हे शेवटचं वाक्य मी बोलले होते. मला नीट आठवतं.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीची वही मी घरी नेऊन वाचली. तिनं लिहिलं होतं:

‘आमचे बाबा मुंबईला असतात. ते गणपतीला आणि शिमग्याला येतात. पण आता ते घरीच आहेत. बाबा सकाळी ड्युटीच्या वेळेला उठतात आणि दाढी करतात. मग विहिरीवरून दोन कळशा पाणी आणतात. आधी ती आई आणायची. बाबा भाकरी थापायला शिकले. पहिली भाकरी कोंबड्यांनी खाल्ली. बाहेर जाताना ते कंबरेला पट्टा बांधतात. बाबांची कंबर घरात दुखत नाही, पाखाडीवर दुखते. त्यांची कंपनी बंद झाली आहे. आई म्हणते, हे कुणाला सांगायचं नाही. मला बाबा घरी असलेले आवडतात.’

मी ते तीनदा वाचलं. माझ्या अख्ख्या वर्गात इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कधी लिहिलं नव्हतं.

आता इथली रीत ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. चाकरमानी माणूस गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आला तरी चालतं. मधेच आला आणि चार दिवसांत परत गेला नाही, तर सगळी वाडी मोजायला लागते. त्याला कारण लागतं. नोकरी गेली हे कारण घरात चालतं, बाहेर चालत नाही. मुंबईला गावच्या माणसांची एक खोली असते, तिथं त्याचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं असतं आणि दुसरी नोकरी मिळेपर्यंत ते तसंच राहावं लागतं; नोकरी गेल्याचं कळलं की ती जागा दुसऱ्याला जाते. कंबर हे अब्रूदार कारण. कंबरेला कुणी हसत नाही. मी स्वतः याच मुलखातली. माझा मामा असाच एक पावसाळाभर ‘डोळ्याच्या ऑपरेशनला’ घरी राहिला होता. मला हे कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तिला विचारावं हे माझ्या मनात आलं होतं. ती नको म्हणाली असती तर माझा दुसरा अंक पहिल्यासारखाच झाला असता, म्हणून विचारलं नाही. ‘आई म्हणते, हे कुणाला सांगायचं नाही’ हे वाक्य मी गाळलं. का गाळलं, याचं उत्तर मी बरीच वर्षं टाळत आले. ते गाळलं म्हणजे मला सगळं कळलं होतं. खाली तिचं नाव घातलं नाही, ‘आठवीतील एक विद्यार्थिनी’ एवढंच. नाव नाही म्हणजे झालं, असं मी स्वतःला सांगितलं. आठवीत मुली होत्या नऊ. आणि गावात कंबरेला पट्टा बांधलेला माणूस एकच होता.

शुक्रवारी शेवटच्या तासाला अंक वाटला. सर इतके खूश की त्यांनी चारी पानांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले. मुलगी त्या दिवशी नेमकी घरी होती, तापानं. सोमवारी ती आली तेव्हा कुणीतरी तिच्या बाकावर अंक ठेवला होता. तिनं तो वाचला, घडी केली, दप्तरात ठेवला आणि फळ्याकडे बघत बसली. मी शिकवत राहिले. कुठला धडा ते आठवत नाही.

संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर मी उभी होते. तिचे वडील दुकानातून काहीतरी घेऊन पाखाडीकडे वळत होते. पट्टा शर्टावरून बांधलेला. दुकानाच्या बाकड्यावर बसलेल्यांपैकी एकानं हाक मारली, “काय ओ भाऊ, कंबर कशी हाय?”

“हाय आपली,” ते म्हणाले.

“पेपरात तर बरी हाय म्हणतायत!”

दुसरा म्हणाला, “अरे, कळश्या उचलायला कंबर लागते. भाकरीला काय, नुसते हात!”

बाकडं हसलं. ते थांबले, सगळ्यांकडे बघून मान हलवली, जणू विनोद त्यांनाही आवडला, आणि पायऱ्या चढायला लागले. पट्टा बांधलेला माणूस जसा चढेल तसे, एकेक पायरी, हात मांडीवर ठेवून. आता सगळ्यांना ठाऊक होतं तरीही. मी एस.टी. यायची वाट बघत दुसरीकडे तोंड करून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. ऑफिसात सर होते, मी होते, आणि मुलीला वर्गातून बोलावून घेतलं होतं. ते भांडायला आले असतील म्हणून मी सगळी तयारी करून बसले होते. लेखनस्वातंत्र्य वगैरे. पण त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“बाई, एकच विचारायचं होतं,” ते म्हणाले. “हे आमच्या बायनं तुम्हाला पेपरात घालायला दिलं काय? की वहीतलं तुम्ही घेतलंत?”

पेपरात काय छापलं याचं त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. पोरीनं घरातली गोष्ट आपण होऊन चव्हाट्यावर नेली का, एवढंच त्या माणसाला जाणून घ्यायचं होतं.

सर माझ्याकडे बघत होते. नोकरीत कायम व्हायला मला अजून वेळ होता. पण तेही कारण खरं नाही. खरं कारण असं, की फ्रेममधल्या सर्टिफिकेटवाल्या बाईला एका अंगठ्याच्या पिढीतल्या माणसासमोर ‘माझं चुकलं’ म्हणता येईना.

“तिनंच दिलं,” मी म्हटलं. “मी म्हटलं होतं, ज्यांना द्यायचं त्यांनी द्या.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी वाक्य दुरुस्त करीन म्हणून ती थांबली होती.

“मुलं आहेत हो, उत्साहात देतात,” सर म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले. “मग बाईंचा काय दोष नाय.” आणि मला नमस्कार करून गेले.

‘पाखाडी’चा तिसरा अंक निघाला नाही. मी कारण परीक्षेचं दिलं. मशीन पुन्हा कापडाखाली गेलं. मुलगी शाळेत येत राहिली. गृहपाठ वेळेवर, अक्षर स्वच्छ. पण निबंधात ती ‘आमचे घर छान आहे. घरासमोर तुळस आहे’ असं लिहू लागली. मी खाली ‘छान’ लिहून सही करत असे.

त्या वर्षीच्या पालकसभेला तिची आई आली होती. प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवताना तिनं सहज सांगितलं, “हे आता घरातपण पट्टा बांधूनच बसतात ओ बाई. पोरीसमोर सोडत नायत. पाणी परत मीच आणते.” तक्रार म्हणून नाही, घरची बातमी सांगावी तसं. बोट पुसायला मी तिला कापूस दिला. त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी पुढच्या पालकांना हाक मारली.

सांगायला मला अडीच वर्षांहून जास्त लागली. मुलगी दहावी पास झाली, शाळेचा दाखला घेऊन गेली, आणि आता ती रोज समोर दिसणार नाही म्हटल्यावर मला धीर आला. धीर कसला, तेव्हा ते स्वस्त झालं होतं. एका रविवारी मी पाखाडी चढून तिच्या घरी गेले. वडील पडवीत काजूच्या बिया निवडत बसले होते. एव्हाना ते दुसऱ्यांच्या बागांत कामाला जात, आंब्याला फवारणी, काजू गोळा करणं. पट्टा नव्हता. खुंटीवर होता, मला दिसला.

मी उभ्यानंच सांगितलं. तिनं ते दिलं नव्हतं, मी वहीतून घेतलं, आणि ऑफिसात खोटं बोलले. सांगताना माझी भाषा नको तितकी शुद्ध झाली होती.

ते बराच वेळ बिया निवडत राहिले. चांगल्या एका बाजूला, किडक्या दुसऱ्या बाजूला. मग आत हाक मारली, “बाय, बाहेर ये गो जरा.”

ती दाराशी आली.

“तू तेव्हा घरी आल्यावर सांगत होतीस,” ते तिला म्हणाले, “मी दिलंच नाय, मी दिलंच नाय म्हणून. ते खरं होतं?”

“हो,” ती म्हणाली.

“आणि मी तुला काय म्हटलं?”

त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता. “मी म्हटलं, बाई एवढ्या शिकलेल्या. त्या कशाला खोटं बोलतील.”

मला वाटलं होतं, तिनं तेव्हा घरीही काही सांगितलं नसेल. तिनं सांगितलं होतं. तिच्या बापानं पोटच्या पोरीच्या शब्दापेक्षा माझ्या पदवीवर विश्वास ठेवला होता, जसा माझ्या बापानं ठेवला असता.

मुलगी म्हणाली, “बाई, चहा ठेवू?” मी हो म्हटलं, कारण नाही कसं म्हणायचं ते कळेना. चहा घेतला आणि खाली उतरले.

हे सगळं लिहायच्या आधी मी तिला फोन केला. ती आता चिपळूणला असते, नर्सिंग करून तिथंच नोकरीला लागली. म्हटलं, या वेळी विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, “लिहा. पण छापायच्या आधी मला दाखवा.” मी कागद पाठवले. आठवड्यानं तिचा निरोप आला. बाबांना सगळं वाचून दाखवलं होतं. पट्ट्याचं राहू दे म्हणाले. पण एका जागी तिनं पेन्सिलनं रेघ मारून फोटो पाठवला होता.

पडवीतल्या प्रसंगाच्या शेवटी मी लिहिलं होतं की तिचे वडील मान हलवून हसले आणि म्हणाले, ‘जाऊ द्या ओ बाई, झालं ते झालं.’ ते हसणं इतकी वर्षं माझ्या कानात आहे. त्याच्यावर मी निवांत झोपले आहे.

समासात तिनं लिहिलं होतं: ‘बाबा हसले नव्हते. असं काही बोललेही नव्हते.’

मी ते वाक्य काढून टाकलं.