नाट्यगृहाचा कापलेला कोपरा

आमचे शेजारी गणपतभाऊ कुडाळला सरकारी कचेरीत तीस वर्षं नकाशे काढत होते, तेही गटारांचे आणि मोऱ्यांचे. मी त्यांना तोंडावर 'मोरीसम्राट' म्हणायचो. निवृत्त झाले आणि त्यांना एकच ध्यास लागला. मालवणच्या जुन्या पेठेतलं नाटकाचं थेटर पाडलं होतं. त्या जागी नवं उभं राहील ते आपल्याच नकाशाचं.

थेटर बांधणाऱ्या समितीकडे मुंबईहून आलेला काचेच्या इमारतीचा नकाशा होताच.

"पेठेत तो कसो दिसतलो?" भाऊ म्हणाले. "पंगतीत गॉगल लावन बसलेल्या पावण्यासारखो!"

भाऊंनी आठवेल तसं जुनं थेटरच कागदावर उतरवलं. चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलं, शेजारच्या दुकानांच्या वळचणीला मिळालेली वळचण. तिकिटाची खिडकीसुद्धा तिथेच, जिथे ते थेटर बांधणारे त्यांचे वडील हरिश्चंद्र सुतार लहानपणी त्यांना हातात गुळाच्या खाज्याची पुडी देऊन उभं करायचे. बदल एकच. जुन्या छपराचा रस्त्याकडचा कोपरा तिरका कापलेला होता, तो भाऊंनी सरळ केला. "बापाशीक तेवां घाई आसतली," म्हणाले.

समिती जागा बघायला आली, तेव्हा भाऊंनी बांबू रोवून वळचणीच्या उंचीवर दोरी ताणली होती. भाऊंचं घर समोरच; त्यांची बायको काशीवयनी चहा घेऊन आल्या आणि वर बघतच राहिल्या.

"ह्यो कोपरो सरळ कसो ओ?"

"जुनो चुकलेलो."

"चुकलेलो? दसऱ्याक देवाचे तरंग हयसूनच वळतत! अडाकले म्हणान मामंजींनी सोता कोपरो कापल्यानी. तुमका नकाशे काढूक येतत, मान वर करूक येना नाय!"

तरंग म्हणजे लुगडं नेसवलेल्या देवाच्या उंच काठ्या. मला राहवतंय थोडंच! एक लांब बांबू उचलला, त्याला वयनींचं वाळत घातलेलं लुगडं गुंडाळलं आणि वळणावर गेलो. दोरीत अडकलो. सगळे हसले.

"राहू द्या, भाऊ," अध्यक्ष म्हणाले. "काचेचाच बघू."

भाऊ एवढेसे झाले. मग कोयती मागून त्यांनी दोरी तोडली आणि तिरकी बांधली, बापानं कापली होती तशी. "आता जा रे." मी लुगड्यासकट सुळकन वळलो.

"आता माका सांगा," भाऊ अध्यक्षांकडे वळले, "काचेत तरंग खंयसून वळतले?"

अध्यक्षांनी तो नकाशा उलगडला. भिंत थेट रस्त्यापर्यंत. त्यांनी तो पुन्हा गुंडाळला तो गुंडाळलाच.

थेटर उभं राहून दोन वर्षं झाली. त्या कोपऱ्यात वळचण नाही, म्हणून पावसाळ्यात तिकिटाच्या रांगेतला एक माणूस हमखास भिजतो. बहुतेक वेळा तो भाऊच असतो. मी छत्री पुढे केली की म्हणतात, "नको रे. बापूस माका हयसरच उभो करायचो."

आणि खाज्याची पुडी शर्टाच्या आत सरकवतात.