फोटोवाल्याचे शुक्रवार

बहरीनमधल्या हूऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसांपैकी बहुतेकांचा चेहरा संदेश राऊळने कधी ना कधी टिपलेला आहे. माझाही. मागे पांढरा पडदा, पुढे फिरतं स्टूल, आणि कानात सांगितल्यासारखा त्याचा हळू आवाज: हनुवटी थोडी खाली घ्या, खांदे सैल सोडा, आता हसू नका. पासपोर्ट असो, व्हिसा असो की रेसिडेन्ट कार्ड, दोन्ही कान दिसले पाहिजेत, डोळे उघडे हवेत आणि मागच्या पडद्यावर सावली पडता कामा नये. पाच मिनिटांत फोटो हातात पडतो. माणूस तो उलटसुलट बघतो, तोंड वाकडं करतो आणि निघून जातो. आपला पासपोर्टचा फोटो आवडलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

संदेश मूळचा कुडाळजवळच्या एका वाडीतला. बारावीनंतर तो लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाबरोबर दिवे धरून उभा राहायचा. तेवढ्या अनुभवावर एका नातेवाइकाने त्याला बहरीनला आणलं आणि हमझांच्या स्टुडिओत चिकटवून दिलं. हमझा इथलेच, तेव्हा पन्नाशीचे, आता चांगले म्हातारे झालेले. दुकान त्यांचं, पण कॅमेऱ्यामागे उभा राहतो तो संदेशच. त्याचं लग्न झालं ते एका सुट्टीत. बायको दीप्ती गावीच राहिली. ती अंगणवाडीत शिकवते. तो वर्षाआड जातो, महिनाभर राहतो आणि परत येतो.

गावात सगळ्यांचा समज असा, की आपला संदेश आखातात मोठा फोटोग्राफर आहे. जत्रेत त्याच्या हातात कुणीतरी कॅमेरा द्यायचंच. मग तो कसनुसा व्हायचा. पालखी येतेय, ढोल वाजताहेत, गुलाल उडतोय, आणि नेमकं काय टिपायचं ते त्याला सुचायचं नाही. एकदा त्याने मला हे अगदी सरळ सांगितलं. म्हणाला, माझ्याकडे माणूस स्वतःहून येतो आणि स्टुलावर बसतो. मला कधी काही शोधावंच लागलं नाही.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्यांच्या इमारतीचं सगळं वायरिंग बदलायला काढलं. खालची दुकानं महिनाभर बंद. संदेशची सुट्टी आधीच संपलेली, त्यामुळे गावी जाणं शक्य नव्हतं. पहिले काही दिवस तो खोलीत झोपून राहिला. मग एका दुपारी हमझांनी त्याला बोलावलं, कपाटाच्या मागच्या बाजूला हात घालून एक जुना छोटा कॅमेरा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्याचा फ्लॅश मेलेला होता आणि झूम अर्ध्यात अडकलेला.

“इतकी वर्षं लोक तुझ्याकडे आले,” हमझा त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले. “आता तू जा. यल्ला, चल.”

तो गेला खरा, पण कुठे जायचं? हूऱ्याच्या गल्ल्यांतून तो दिवसभर फिरला. उंच हॉटेलं टिपली, मशिदीचा मिनार टिपला, खजुराची झाडं टिपली. संध्याकाळी खोलीवर बसून बघितलं, तर सगळं कॅलेंडरवर असतं तसं. प्रत्येक गोष्ट बरोबर मध्यभागी, ताठ उभी, हनुवटी खाली घेतल्यासारखी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो एका चहाच्या टपरीजवळ उकिडवा बसून एका मांजराचा फोटो काढत होता. मांजर आपलं अंग चाटण्यात गुंगलेलं. संदेश थांबून राहिला होता, ते सरळ बघेल म्हणून.

“त्या मांजराला व्हिसा काढून देताय का?” मागून कुणीतरी हिंदीत विचारलं.

ती नाझिश होती. जवळच्या शाळेत शिकवणारी पाकिस्तानी बाई, स्टुडिओतली जुनी गिऱ्हाईक. सुट्टीच्या दिवशी ती नवशिक्यांचा एक छोटा गट घेऊन फोटो काढायला जाते, हे संदेशला ठाऊक होतं. तो ओशाळला. पण ती हसून बाजूच्या बाकावर बसली आणि दोघांसाठी दाट दुधाचा करक चहा मागवला. मग त्याने मन मोकळं केलं. कॅमेरा बरा नाही, झूम होत नाही, आणि चांगला विषयच सापडत नाही.

नाझिशने कॅमेरा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली की तिच्या गटात निम्म्यांकडे तर फुटके मोबाइलच आहेत. विषय शोधत फिरलं की तो सापडत नाही, असंही ती म्हणाली. एका जागी बसायचं, कंटाळा येईपर्यंत. आणि कंटाळा आल्यावरही थोडा वेळ उठायचं नाही.

संदेशला हे पटलं नाही, पण सोपं वाटलं. बसणं त्याला जमण्यासारखं होतं.

त्याच्या खोलीत महादेव म्हणून गुहागरकडचा एक ड्रायव्हर राहायचा. तो रोज पहाटे पश्चिम किनाऱ्यावरच्या झल्लाकच्या एका रिसॉर्टवर कामगारांना सोडायला व्हॅन घेऊन जायचा, आणि पुढच्या फेरीची वेळ होईपर्यंत गाडीतच झोपायचा. पुढच्या शुक्रवारी संदेश त्याच्याबरोबर निघाला. हूऱ्यातून निघाले तेव्हा हवा नुसती ओलसर होती. वाटेतलं सनद गाव मागे पडलं आणि धुकं सुरू झालं. आधी रस्त्याच्या कडेचे दिवे पुसट झाले, मग पुढची गाडी नाहीशी झाली. महादेव काचेला नाक लावून पुटपुटत गाडी हाकत होता. मागे बसलेल्या कामगार मुली एरवी गाणी लावायच्या, त्याही गप्प झाल्या. संदेश सांगतो, त्याला वाटलं गाडी चालतच नाहीये, आपण सगळे एका कापसाच्या गोळ्यात बसलोय.

कामगार उतरले. महादेवने सीट मागे टाकली आणि डोळ्यांवर टोपी ओढली. संदेश कॅमेरा घेऊन किनाऱ्याकडे चालू लागला. ओहोटीची वेळ होती. त्या बाजूला समुद्र फार उथळ. ओहोटीला तो इतका मागे सरतो की लांबवर घोट्याएवढंच पाणी उरतं. आज तर समुद्र कुठे सुरू होतो तेही कळत नव्हतं. वर पांढरं, खाली पांढरं. लाटांचा आवाज नाही. कुठूनतरी एक पक्षी ओरडला आणि त्याचा आवाजही लगेच मुरून गेला. संदेशने चपला काढल्या, एका दगडावर बसला आणि वाट बघू लागला. कशाची ते त्याला माहीत नव्हतं.

कंटाळा आला. तो बसून राहिला.

मग त्याच्या समोर काही काठ्या उगवल्या. उगवल्या म्हणजे तिथे होत्याच, धुकं जरा हललं एवढंच. पाण्यात रोवलेल्या, एका ओळीत, पुढे जाऊन गोल वळलेल्या. भरतीबरोबर मासे आत येतात आणि ओहोटीला आतच अडकतात, असलं हे इथलं जुनं कुंपण. एरवी उन्हात त्याच्या मागे सौदीला जाणारा पूल दिसतो, इमारती दिसतात, होड्या दिसतात. आज मागे काहीच नव्हतं. आणि त्या क्षणी, संदेश म्हणतो, मी दगडावरून उठलो. कारण हे मी ओळखत होतो. हा माझाच पडदा होता. कुणीतरी तो आभाळभर लावला होता.

पडद्यासमोर कुणी आलं की काय करायचं, हे त्याला डोळे झाकूनही आलं असतं. त्याने कॅमेरा उचलला. काठ्यांच्या टोकाशी एक माणूस होता. गुडघाभर पाण्यात, पाठमोरा, खांद्यावर टोपली. तो वाकला की त्याचा आकार त्याच्याच प्रतिबिंबाला जाऊन चिकटे आणि पाण्यावर एखादं विचित्र अक्षर उमटल्यासारखं दिसे. उठला की ते पुसलं जाई. संदेशने त्याला हाक मारली नाही. इकडे बघा म्हणाला नाही. माणसाचा चेहरा दिसत नव्हता, एकही कान दिसत नव्हता. त्याने बटण दाबलं.

माणूस किनाऱ्याकडे आला तेव्हा संदेश स्वतःहून पुढे झाला. अनोळखी माणसाचा न विचारता फोटो काढला, याची त्याला रुखरुख लागली होती. म्हाताऱ्याचं नाव वली. संदेशने त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या काचेवर फोटो दाखवला. वलीने ओले हात अंगरख्याला पुसले, डोळे बारीक केले, बराच वेळ बघितलं आणि विचारलं की यात मी कुठे आहे. संदेशने बोट ठेवून दाखवलं. वलीला ते काही पटलं नाही. त्याने टोपलीतला सगळ्यात मोठा मासा काढून छातीशी धरला, ताठ उभा राहिला आणि कॅमेऱ्यात सरळ रोखून बघू लागला. संदेशने तोही फोटो काढला. अगदी व्हिसाला चालेल असा. वलीला तोच आवडला. त्याची प्रत पुढच्या शुक्रवारी आणून द्यायची असं ठरवून घेऊनच त्याने संदेशला सोडलं.

महादेव जागा होईपर्यंत धुकं उठलं होतं, पूल दिसू लागला होता.

दुपारी संदेशने पहिला फोटो दीप्तीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. एरवी तो मॉलचे, रोषणाईचे फोटो पाठवायचा आणि तिचं उत्तर ठरलेलं असायचं, छान. आज उत्तर आलं नाही. तासाभराने फोनच आला.

“ह्यो माणूस कोण?” तिने विचारलं.

“आजच ओळख झाली. मासे पकडणारो एक.”

ती म्हणाली, “माका वाटला तुमीच.”

संदेशने तिला जेवलीस काय विचारलं. ती जेवली होती. पण त्या दिवशी फोन लवकर ठेवला गेला नाही. तिने पाणी थंड होतं का विचारलं, पायांना शेवाळ लागत होतं का विचारलं, त्या काठ्या कसल्या लाकडाच्या ते विचारलं. इतक्या वर्षांत, तो म्हणतो, ती पहिल्यांदा इथे आल्यासारखी बोलत होती.

दुकान पुन्हा उघडलं. नवीन वायरिंग, नवे दिवे, पडदाही नवा. संदेश पुन्हा हनुवट्या खाली घ्यायला सांगू लागला. पण शुक्रवार, इथला सुट्टीचा वार, त्याचे झाले. वलीला त्याचा फोटो मिळाला आणि तो त्याने आपल्या गाडीत लावला. नाझिशच्या गटाबरोबरही संदेश दोन-तीनदा गेला. मात्र त्याला एकट्याने बसणंच आवडायचं. प्रत्येक वेळी काही मिळायचं असं नाही. धुकं तर त्या हिवाळ्यात पुन्हा पडलंच नाही. कधी वाऱ्यात धूळ इतकी असायची की सूर्य चांदीच्या बटणासारखा दिसायचा. कधी इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या काचेवर आतली वाफ साचायची आणि बाहेरची माणसं त्यातून तरंगत जाताना दिसायची. कधी काहीच नाही. तसाच परत यायचा. तसं परत येतानाही त्याचा चेहरा शांत असायचा, हे मी पाहिलंय.

पुढच्या उन्हाळ्यात अंगणवाडीला सुट्टी लागली आणि दीप्ती व्हिजिट व्हिसावर पंधरा दिवसांसाठी आली. पहिल्यांदाच. व्हिसाची सगळी धावपळ हमझांनी केली, आणि महादेव तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत राहायला गेला. संदेशने तिला बाजार दाखवला, मॉल दाखवला. ती सगळं नीट बघायची आणि खोलीवर आली की पाय चोळत बसायची. चौथ्या दिवशी म्हणाली, तो माणूस उभा होता तिथे जाऊ या.

तेव्हा हवा इतकी दमट होती की सकाळीसुद्धा श्वास जड व्हायचा. महादेवची व्हॅन एसीने गारठलेली. किनाऱ्यावर दार उघडलं आणि बाहेरची गरम हवा अंगावर आली. कॅमेरा दीप्तीच्या मांडीवर होता. संदेश पुढे जाऊन पाण्यात उभा राहिला आणि मागे वळला, तर तिने कॅमेरा डोळ्यांना लावलेला. त्याने हात हलवून थांब म्हटलं. एसीतून बाहेर आलं की कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरतं, ते जाईपर्यंत दहा मिनिटं थांबावं लागतं, हे त्याला सवयीने माहीत होतं. तोवर तिने बटण दाबलं होतं.

फोटोत काही म्हणजे काही नव्हतं. दुधात पाणी मिसळावं तसा एक रंग, आणि त्यात मधोमध नाही, एका कडेला, राखाडी डागासारखा एक माणूस.

“काच पुसूक व्हयी होती,” संदेश परत येऊन कॅमेरा हातात घेत म्हणाला.

दीप्तीने कॅमेरा त्याच्याकडून परत घेतला. “इतकी वर्षां फोनवर तुमी माका असेच दिसलात,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मग तिने चपला काढून त्याच्या हातात दिल्या, साडी जराशी वर खोचली आणि काठ्यांच्या दिशेने पाण्यात चालू लागली. पाणी कोमट होतं. पायांना शेवाळ लागत होतं. संदेश तिच्या चपला धरून मागून चालत राहिला.

पुढचे सगळे दिवस कॅमेरा तिच्याकडेच होता. गच्चीवरच्या ओल्या टॉवेलांचे, महादेवच्या मानेचे, करकच्या रिकाम्या पेल्यात पडलेल्या उजेडाचे असले फोटो ती काढायची. संदेश काही शिकवायला गेला नाही. परत जाताना विमानतळावर तिने कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला, पण आतलं कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं. अंगणवाडीतल्या पोरांना समुद्र दाखवायचाय म्हणाली. कुठला, त्याने विचारलं. जो दिसत नाही तो, ती म्हणाली, आणि सामानाची ट्रॉली ढकलत आत गेली.