तरोटा झोपायच्या आत

मोहाडीच्या मुलींच्या बोर्डिंगात तुळसाबाई रांधायची, तर शीत शीताला शिवत नसे. गिरणीतून दोनदा पॉलिश केलेला पांढराफेक तांदूळ, त्यावर वरण, बाजूला आलूचा रस्सा. पेज ती मोरीत ओतून द्यायची. पोरी साऱ्या मजुरांच्या नि लहान कास्तकारांच्या. तुळसाबाईसुद्धा धुऱ्याबांधावरचा रानपाला खाऊनच वाढलेली. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली, तेव्हा बापानं तिला सांगितलं होतं, आता कोणापुढं मान खाली घालायची नाही. तिनं त्याचा अर्थ आपल्या चुलीपुरता लावला होता. मालगुजाराच्या घरी जे शिजतं तेच या पोरींच्या ताटात पडलं पाहिजे. बोर्डिंगात पाला खावा लागत नाही, असं ती येणाऱ्या प्रत्येक पोरीला सांगायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या आषाढात नाकाडोंगरीची चंद्रकला दिवेलागणीला दाराच्या चौकटीवर आदळली. बाकीच्या पोरी हसल्या. दुसऱ्या सांजेला ती पाण्यानं भरलेल्या गुंडावर धडकली. तिसऱ्या सांजेला तुळसाबाईनं तिच्या डोळ्यांपुढं हात धरला नि विचारलं, किती बोटं? पोरीनं जरा विचार करून चार म्हटलं. तुळसाबाईची मूठ मिटलेली होती.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं विचारलं, खायला काय देता? तुळसाबाईनं ऐटीत सांगितलं. नर्सबाईनं सगळं ऐकून घेतलं नि म्हणाली, पोरीला रातांधळं झालंय. औषध देते, पण नुसत्या औषधाच्या भरवशावर राहू नका. हिच्या पोटात ना पाला, ना पिवळं कोहळं, ना मासोळी. पांढऱ्यावर पांढरं किती दिवस चालायचं?

तुळसाबाईनं परत येताच नाकाडोंगरीला निरोप धाडला.

निरोप गेला नि चंद्रकलाचा बाप सुखराम आला. थोडं दिसतंय तोवर पोरीचं लग्न उरकून टाकतो म्हणाला. सातवीतली पोर.

"पोळ्यापर्यंत ठेवा, सुखरामभाऊ," तुळसाबाई म्हणाली. "नाइ सुदरली, त मीच आनून सोडीन."

त्या सांजेला तिनं ताटात सडकेकडेच्या तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी वाढली. अड्याळच्या पुष्पानं ताट पुढं सरकवलं.

"हे तं शेळ्यायचं खानं हाय. तुमीच मनत होत्या ना, बोर्डिंगात पाला खावा नाइ लागत?"

खरं होतं ते. रागावायला जागा नव्हती. तुळसाबाई खाली बसली.

"मनत होती. माही चूक हाय. पोटभर वाढून बी मीनंच तुमाले उपासी ठेवलं."

तरी भाजी कोणी खाल्ली नाही. तेव्हा तिनं दुसरी युक्ती काढली. दर रविवारी दोन-दोन गावच्या पोरींनी आपापल्याकडची भाजी आणायची नि रांधायची. जिचं पातेलं आधी रिकामं होईल, तिच्या गावानं आठवडाभर भांडी घासायची नाहीत, ती हरलेल्या गावानं घासायची. अड्याळवाल्यांनी पातूरची पालेभाजी आणली, फुशारक्या मारल्या. नाकाडोंगरीची एकटी चंद्रकला. ती दुपारीच सगळ्यांना सडकेकडेला घेऊन गेली.

"लवकर तोडा वं. तरोटा सांजेले झोपते, पानं मिटून घेते. मंग कवळं-जून समजत नाइ."

तिनं नुसते शेंडे घेतले, चण्याची डाळ भिजवली, तेलात लसूण लाल केला. पातेलं पुष्पानंच पुसून खाल्लं, नि आठवडाभर घासलंही तिनंच, पुटपुटत.

पुढं तुळसाबाई नऊ वर्षं त्या चुलीपाशी होती. नवीन पोर आली की नावाआधी विचारायची, तुमच्या गावची भाजी कोणती? पेज मोरीत गेली नाही, मीठ घालून पोरींच्या पोटात गेली. सुकलेल्या झिंग्यांची चटणी, कोहळ्याची भाजी वाढताना ती कोणाला फायदे सांगत बसली नाही. शेजारी बसून खायची, एवढंच.

पण हे सारं पुढचं. त्या वर्षी पोळा जवळ येत गेला. तरी चंद्रकलाला पुन्हा बोटं दाखवायचा तिला धीर झाला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलांचं उरकून, सुखराम दिवेलागणीला दारात उभा राहिला. पोरीचे कपडे न्यायला हातात रिकामी थैली. तुळसाबाईनं बापलेकींना कुंपणापाशी नेलं. तिथं तरोटा माजला होता.

"जराक शेंडे तोड बरं, चंद्रकला."

पोरगी वाकली नि पानाला हात न लावताच थांबली.

"आता कायले तोडाले लावता, माय? झोपला ना हा."

सुखरामनं वाकून पाहिलं. अंधारून आलं होतं, त्यालाच नीट दिसेना. त्यानं हातानं चाचपलं. पानं जोडीजोडीनं मिटलेली होती. एक फांदी, दुसरी, तिसरी. तो बराच वेळ चाचपत राहिला.

"चाला, जेवा," तुळसाबाई म्हणाली. "आधी पेज प्या."

सुखरामनं थैलीची घडी केली, खाली अंथरली नि तिच्यावर जेवायला बसला.